पुणे-नाशिक रस्ता आणि पिकअपमधली काळी पेटी



पुण्याहून नाशिककडे निघालात की भोसरीची गर्दी मागे पडते न पडते तोच मोशीला इंद्रायणीचा पूल लागतो. चाकण ओलांडल्यावर भामा, राजगुरुनगरला भीमा, कळंबजवळ घोड, नारायणगावात मीना आणि आळेफाट्याच्या अलीकडे कुकडी. एवढ्याशा वाटेत सहा नद्या ओलांडायच्या. शेतीला पाणी, पाण्याला धरण, धरणाला पाट आणि पाटाला हिरवे शिवार, असा हा मुलूख आहे. शेतकऱ्याने एकदा तरी दिवसाउजेडी, खिडकीत बसून, हा रस्ता पाहावा.

या रस्त्याची आणखी एक गंमत आहे. चाकणला मोटारगाड्यांचे मोठमोठे कारखाने आहेत. नव्याकोऱ्या गाड्या पाठीवर घेऊन लांबलचक कंटेनर तिथून बाहेर पडताना दिसतात. आणि त्याच रस्त्याने समोरून येतात त्या टोमॅटोचे क्रेट भरलेल्या, हौद्याला जाळी लावलेल्या, चिखलाने माखलेल्या पिकअप गाड्या. गाडीचे माहेर आणि गाडीचे सासर दोन्ही एकाच वाटेवर! माहेरची लेक सासरी कशी नांदते, तिला काय दुखते-खुपते आणि तिचा वैद्य कोण, हे पाहायचे असेल तर नारायणगावला उतरले पाहिजे. आज तुम्हाला तिथेच घेऊन जायचे आहे.

नारायणगाव हे जुन्नर तालुक्यातले बाजाराचे गाव. तमाशाची पंढरी म्हणून त्याचे नाव महाराष्ट्रभर आहे. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर याच गावच्या. यात्रांचा हंगाम जवळ आला की फडांच्या राहुट्या इथे पडतात आणि गावोगावचे पुढारी सुपारी द्यायला येतात. पण आपल्यासारख्याला त्याहून जवळची गोष्ट म्हणजे इथला टोमॅटोचा बाजार. जुन्नर बाजार समितीचा हा उपबाजार. उन्हाळी लागवडीचा माल सुरू झाला की पावसाळाभर इथे क्रेटच्या थप्प्या लागतात. २०२३ च्या जुलैत वीस किलोच्या एका क्रेटला दोन हजार रुपयांच्या वर भाव निघाला, तेव्हा वर्तमानपत्रांनी या गावाचे नाव देशभर नेले. त्याआधी, २०२१ च्या ऑगस्टमध्ये, महाराष्ट्रातल्याच शेतकऱ्यांनी भाव नाही म्हणून टोमॅटो रस्त्यावर ओतले होते. टोमॅटोचे पीक असे आहे. तो आज पिकला, आजच तोडला आणि आजच बाजारात गेला तर पैसा. म्हणून या भागात पिकअप हा घरचा तिसरा बैल समजतात. तो बसला, तर बाकी सगळे असून नसल्यासारखे.

रस्त्याच्या कडेने गॅरेजांची रांग आहे. कुणी टायरवाला, कुणी पाटे बांधणारा, कुणी डिझेल पंपवाला. त्यांत वायरिंगवाल्याचे दुकान ओळखायला सोपे असते. दारात जुन्या बॅटऱ्या, भिंतीला रंगीबेरंगी तारांची भेंडोळी आणि बाकावर वाट पाहणारी दोन-चार माणसे. पूर्वी या मिस्त्रीची सगळी विद्या एका दिव्यात होती. बल्बला दोन तारा जोडायच्या, एक अर्थला आणि दुसरी हव्या त्या जागी लावायची. दिवा लागला तर करंट आहे, नाही लागला तर नाही. आता त्याच्या हातात मोबाइलएवढा स्कॅनर दिसतो. दिवा मात्र त्याने टाकून दिलेला नाही. तो का टाकला नाही, ते पुढे कळेलच.

आधी गाडीत काय बदलले ते समजून घेऊ. जुन्या गाडीत बटण दाबले की त्याच तारेतून करंट थेट दिव्यात जाई. नव्या गाडीत तसे नसते. डॅशबोर्डच्या आत, बहुधा ड्रायव्हरच्या गुडघ्याजवळ, एक काळी पेटी असते. तिला बॉडी कंट्रोल मॉड्यूल म्हणतात, गॅरेजवाले नुसते बीसीएम म्हणतात. इंजिनाचा संगणक वेगळा, आणि ही पेटी वेगळी. दिवे, इंडिकेटर, वायपर, हॉर्न, दाराचे लॉक, आतला दिवा यांचा कारभार हिच्याकडे. बऱ्याच गाड्यांत किल्ली खरी की खोटी, हे ओळखण्याचे कामही हीच करते.

येडगावच्या धरणावरून पाट निघतो, तो ज्यांच्या शिवारातून जातो त्यांना हे लगेच उमगेल. शेतकरी स्वतः दार उघडत नाही. तो पाणीमागणीचा अर्ज देतो आणि पाटकरी पाळी पाहून दार उघडतो. गाडीतले बटण म्हणजे आपला अर्ज आणि ती काळी पेटी म्हणजे पाटकरी. बटण दाबल्यावर दिवा लावायचा की नाही, हे पेटी ठरवते. आता हा पाटकरीच तापाने फणफणला तर काय होईल? याचे पाणी त्याच्या शेतात आणि त्याचे पाणी ओढ्यात!

पेटी एकटी नसते. इंजिनाचा संगणक, ब्रेकचा संगणक, समोरचे मीटर हे सगळे एकमेकांशी बोलतात, तेही पीळ घातलेल्या अवघ्या दोन तारांवरून. या पद्धतीला कॅन म्हणतात. जर्मनीच्या बॉश कंपनीने ती १९८६ साली जगापुढे मांडली. आधी मोठ्या मोटारींत आलेली ही पद्धत आता आपल्या टोमॅटोच्या गाडीतही आली आहे.

नारायणगावच्या अशाच एका दुकानात बाकावर बसून मी एक प्रकरण पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिले. तुमच्यापैकी अनेकांच्या दारात आज अशी गाडी आहे, म्हणून ते सविस्तर सांगतो.

तालुक्याच्या पूर्व पट्ट्यातले एक शेतकरी जोडपे आपली पिकअप घेऊन आले. गाडीचे हप्ते अजून चालू होते. दोन दिवसांपासून गाडी अंगात आल्यासारखी करत होती. ब्रेक दाबला की वायपर हलायचा. इंडिकेटर आपोआप लुकलुकायचा. आदल्या संध्याकाळी पावसात हेडलाइटच लागेना. बिनदिव्याची गाडी हायवेवर नेण्यापेक्षा त्यांनी भरलेले क्रेट शेजाऱ्याच्या गाडीत घालून, भाडे देऊन बाजारात पाठवले. वाटेत कुणीतरी त्यांना सांगितले होते की पेटी गेली, नवी टाका.

“मिस्त्री, पेटी गेली म्हणतात. टाका नवी आणि मोकळे करा,” शेतकरी म्हणाले. “उद्या पुन्हा तोडा आहे.”

“भाऊ, जरा दम धरा,” मिस्त्री म्हणाला. “दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला असं नको व्हायला. पेटी महाग आहे. ती खरंच गेली का, ते आधी बघू.”

आणि त्याने तीन प्रश्न विचारले. गाडीत पाणी शिरले होते का? हल्ली वेल्डिंग केले का? दुसऱ्या बॅटरीवरून गाडी चालू करताना तारा उलट्या लागल्या होत्या का? शेतकऱ्याने तिन्हींना मान हलवून नाही म्हटले. तेवढ्यात त्यांच्या पत्नी म्हणाल्या, “दादा, पाऊस लागल्यापासून यांच्या पायाखालची मॅट ओली असते. हे म्हणतात चपलांचं पाणी आहे. पण माझ्या बाजूची मॅट कोरडी कशी?”

मिस्त्रीने हातातले काम खाली ठेवले. “ताई, निम्मं काम तुम्हीच केलंत,” तो म्हणाला.

मग तपासणी सुरू झाली. तिचा क्रम ध्यानात ठेवा. स्वतः करायची नसली तरी मिस्त्री काय करतो आहे, हे आपल्याला कळले पाहिजे.

पहिली बॅटरी. गाडी बंद असताना मीटरवर साडेबारा व्होल्टच्या आसपास आणि इंजिन चालू असताना चौदाच्या आसपास आकडा हवा. बॅटरी मेलेली असेल तरीही पेटी वेड्यासारखी वागते. इथे बॅटरी ठणठणीत होती.

दुसरा अर्थ, म्हणजे बॅटरीच्या ऋण टोकाकडून गाडीच्या पत्र्याला जाणारी जोडणी. सगळे दिवे-पंखे चालू ठेवून त्याने बॅटरीचे ऋण टोक आणि गाडीचा पत्रा यांच्यामध्ये मीटर लावला. तिथे जेमतेम एक-दोन दशांश व्होल्ट दिसायला हवा. दिसला एकापेक्षा जास्त. अर्थचा बोल्ट काढला तर खाली गंज. पॉलिश पेपरने पत्रा उजळ केला, बोल्ट घट्ट आवळला, वरून ग्रीस लावले. आकडा खाली आला आणि इंडिकेटरची आपोआप लुकलुक थांबली. बंधूंनो, पुष्कळ गाड्यांचे दुखणे इथेच संपते आणि पेटी विनाकारण बदलली जाते! पण या गाडीत वायपर अजून ब्रेकवर हलत होता आणि हेडलाइट लागतच नव्हता.

तिसरे काम फ्यूजचे. सगळे फ्यूज नुसते पाहून नव्हे, तर मीटर लावून तपासले. ते चांगले होते.

चौथा स्कॅनर. स्टिअरिंगखाली सोळा छिद्रांचे एक सॉकेट असते, त्यात तो जोडला. इंजिन बोलले, ब्रेक बोलले, मीटर बोलले. पेटी मात्र गप्प. मिस्त्रीने बॅटरीची तार काढून त्याच सॉकेटच्या सहाव्या आणि चौदाव्या छिद्रांत मीटर लावला. साठ ओहम दाखवले. त्या दोन बोलक्या तारांच्या दोन टोकांना १२० ओहमचा एकेक रोध असतो आणि दोन्ही मिळून साठ भरतात. साठ आले म्हणजे मुख्य रस्ता शाबूत आहे, कुठे तुटलेला नाही.

पाचवे काम सर्वांत महत्त्वाचे. पेटी गप्प आहे, पण तिला जेवायला तरी मिळते आहे का? काढलेली बॅटरीची तार त्याने पुन्हा जोडली, पेटीचा प्लग उपसला आणि येणाऱ्या करंटवर आपला जुना २१ वॅटचा दिवा लावला. नुसता मीटर लावला तर कुजक्या तारेतही बारा व्होल्ट दिसतात. भार पडला की तीच तार बसते. दिवा पावणेदोन अँपिअर ओढतो, त्यामुळे खरे-खोटे लगेच कळते. दिवा लख्ख लागला. म्हणजे जेवण मिळत होते, रस्ता मोकळा होता आणि तरी पेटी बोलत नव्हती. आता ती गेली असे म्हणायला हरकत नव्हती. प्लगच्या पिनांवर हिरवट बुरशीसारखी पूड साचली होती. पुढच्या काचेच्या रबरातून पाणी झिरपत होते आणि तारेच्या अंगाने ओघळत थेट प्लगात उतरत होते. ओल्या मॅटचे कोडे सुटले.

आता पेटी कुठून आणायची? शेतकऱ्याच्या डोळ्यांसमोर हप्ता होता. “भंगारातली जुनी मिळंल की निम्म्या पैशात,” ते म्हणाले. मिस्त्रीने त्यांना समजावले ते तुम्हीही ऐकून ठेवा. पेटीच्या पोटात त्या-त्या गाडीची माहिती लिहिलेली असते. कोणते मॉडेल, काय-काय बसवलेले, किल्ल्या कोणत्या. दुसऱ्या गाडीची पेटी आपली किल्ली ओळखत नाही आणि कित्येक पेट्यांवर दुसऱ्यांदा लिहिताच येत नाही. शिवाय ती गाडी चोरीची निघाली तर नसता ताप. दिसायला सारखी, प्लगही सारखा, पण भाग क्रमांकात एका अक्षराचा फरक, असेही असते. म्हणून जुन्या पेटीवरचा क्रमांक पाहून, चेसिस नंबर कळवून, नवीच मागवली. बिल पक्के घेतले आणि वॉरंटी लिहून घेतली.

पेटी तिसऱ्या दिवशी आली. तोवर मिस्त्रीने काच काढून रबर बदलले आणि नळीने पाणी मारून थेंबही आत येत नाही ना ते पाहिले. गळके छप्पर तसेच ठेवून आत नवे धान्य कोण भरेल? प्लगच्या पिना त्याने साफ केल्या आणि जी कुजली होती ती बदलली. तारेला प्लगच्या खाली उतरेल असा झोळ दिला, म्हणजे पुढे कधी पाणी आलेच तर ते झोळाच्या तळाशी ठिबकेल, प्लगात जाणार नाही.

बदलणे तसे अर्ध्या तासाचे काम. बॅटरीची ऋण तार काढली आणि काही मिनिटे थांबले, कारण आत साठलेला करंट उतरावा लागतो. एअरबॅग असलेल्या गाडीत पिवळ्या वेष्टनाच्या तारांना हात लावायचा नाही. जुनी पेटी सोडवली, नवी हाताळताना तिच्या पिनांना बोट लावले नाही. प्लग खटकन बसेपर्यंत दाबले आणि बॅटरी जोडली.

गाडी चालू झाली नाही. शेतकऱ्याचा चेहरा उतरला. पण हे ठरल्याप्रमाणेच होते. नवी पेटी म्हणजे गावात आजच रुजू झालेला पाटकरी. त्याला शिवार माहीत नाही, खातेदार माहीत नाहीत. अधिकृत वर्कशॉपचा एक मुलगा लॅपटॉप घेऊन आला. आधी त्याने बॅटरीला चार्जर जोडला, कारण लिहिता-लिहिता करंट पडला तर नवी पेटीही निकामी होऊ शकते. मग चेसिस नंबर घालून त्याने त्या गाडीची माहिती पेटीत चढवली.

“आता किल्ल्या द्या. दोन्ही,” तो म्हणाला.

शेतकरी पत्नीकडे पाहू लागले. त्यांनी कमरेची पिशवी उघडली आणि दुसरी किल्ली काढून दिली. गाडी घेतल्या दिवसापासून ती त्यांनी घरी डब्यात, कागदपत्रांजवळ जपून ठेवली होती, आणि निघताना आठवणीने सोबत घेतली होती. ज्या गाडीची किल्ली पेटीशी बांधलेली असते, तिथे अशा वेळी सगळ्या किल्ल्या हजर लागतात. जी हजर नसते ती पुढे चालेनाशी होऊ शकते.

मग ताई गाडीच्या मागे उभ्या राहिल्या आणि एकेक बटण तपासले. “डावा लागला. उजवा लागला. ब्रेकचा लागला. रिव्हर्सचा लागला.” वायपर फक्त वायपरच्या बटणावर हलला. हेडलाइटचा उजेड समोरच्या भिंतीवर पडला, तेव्हा बाकावरची माणसेसुद्धा हसली. तीन दिवसांचे भाडे गेले, पेटीचे पैसे गेले. पण न तपासता पेटी टाकली असती, तर काच गळतच राहिली असती आणि एखाद्या पावसात नव्या पेटीचेही तेच झाले असते.

अशा कामात एक अडचण सगळ्यांनाच जाणवते. पेटीत माहिती चढवण्याची किल्ली कंपनीकडे, आणि गाडी बंद पडते ती आपल्या फाट्यावर. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी २०२२ च्या जुलैत समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्याचे पोर्टल सुरू केले. त्यात शेतीची अवजारे आणि मोटारगाड्या दोन्ही धरल्या आहेत. गाडी घेताना विक्रेत्याला विचारायला आपण शिकले पाहिजे की सुटे भाग किती वर्षे मिळतील आणि कोड चढवणारा माणूस जवळात जवळ कुठे आहे. बैल घेताना दात पाहतोच ना आपण?

नारायणगावला आलातच तर काम होईतो गॅरेजच्या बाकावर बसून राहू नका. जवळच खोडदला आकाशातले रेडिओतरंग ऐकणारी मोठी दुर्बीण आहे. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून ती उभी राहिली. ४५ मीटर व्यासाच्या तीस थाळ्या या परिसरात लांबवर पसरल्या आहेत. शेताच्या बांधावरून त्या जाळीदार थाळ्या आकाशाकडे तोंड करून उभ्या दिसतात. आकाशातून येणारे तरंग इतके क्षीण असतात की माणसांच्या यंत्रांचा गोंगाट कमी असलेला मुलूख शोधावा लागला आणि तो इथे सापडला. त्याआधी १९७१ साली इथल्याच आर्वीला उपग्रहामार्फत परदेशाशी बोलणारे केंद्र सुरू झाले होते. टोमॅटोच्या या गावाचे विजेच्या बारीक विद्येशी नाते तसे जुनेच आहे. पुढे आळ्याला ज्ञानेश्वर माउलींनी ज्याच्या मुखातून वेद वदवले म्हणतात, त्या रेड्याची समाधी आहे. तिथेही डोके टेकवून या.

आता घरी जपण्याच्या चार गोष्टी. हौद्याला जाळी किंवा पट्टी वेल्ड करण्याआधी बॅटरीच्या तारा काढायला सांगा. गाडी धुताना डॅशबोर्डखाली पाण्याचा फवारा मारू नका. जादा दिवे आणि मोठे हॉर्न मूळ तारेला चावा घेऊन जोडू नका, त्यांना वेगळा रिले आणि फ्यूज लावून घ्या. गोठ्याजवळ गाडी उभी राहत असेल तर उंदीर तारा कुरतडतात, तेव्हा महिन्यातून एकदा बॉनेट उघडून पाहा.

आणि पहिल्या पावसानंतर पायाखालच्या मॅटला हात लावून पाहा. ओली लागली तर बाजाराची वाट धरण्याआधी काचेचे रबर दाखवून घ्या. रबर स्वस्त आहे, पेटी महाग आहे.